पाचवं शील

चौथं शील म्हणून झालं आणि प्रसेनजीत थांबला.

घरात माणूस मावत नव्हतं. आप्पांच्या धाकट्या सुनेच्या, प्रीतीच्या मुलीचं नामकरण होतं. हॉलमधल्या खुर्च्या गॅलरीत गेल्या होत्या, सतरंजीवर मांडीला मांडी लागली होती, दारातल्या चपला जिन्यावर सांडल्या होत्या. या घरात कुठलंही कार्य असलं की वंदना प्रसेनजीतनं सांगायची आणि बाकीच्यांनी त्याच्या मागून म्हणायची, हा आप्पांनी घालून दिलेला नेम. पोरगं एवढंसं होतं तेव्हा त्याचा आवाज ऐकून खुद्द बौद्धाचार्य म्हणाले होते, "आप्पा, तुमच्या नातवानं आम्हाला काम ठेवलं न्हाई." तेव्हापासून लग्न असो, नामकरण असो, गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन असो, पुढं तो आवाज आणि मागं सगळं गणगोत. आता पोरगा अकरावीला गेला होता, आवाज फुटून भारदस्त झाला होता, आणि आप्पा तो ऐकताना डोळे मिटून घ्यायचे ते कौतुक कुणाला दिसू नये म्हणून.

आजही त्रिशरण झालं. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं झालं. खोटं बोलणार नाही, हे चौथंही सगळ्यांनी त्याच्या मागून खणखणीत म्हटलं. राहिलं होतं पाचवं. नशा आणणाऱ्या कुठल्याही पदार्थापासून दूर राहण्याचं. पाळण्यातली पोरगी सोडली तर घरात ते पाठ नसलेला जीव नव्हता.

पोरगा गप्प.

"ठसका लागला आसंल," बनाक्का मागून ओरडल्या. "पाणी द्या की रं कुणीतरी!" बनाबाई म्हणजे आप्पांची थोरली लेक, चंदगडला दिलेली. पहाटेच्या एसटीनं आल्या होत्या. त्यांनी चंदगडात हाक मारली तर आजऱ्यातला माणूस वळून बघेल असा आवाज. दोघीतिघी पाण्याला उठल्या.

पण संघप्रियाला पाणी यायच्या आधीच कळलं. त्याची आई होती ती. 'आज नको रे राजा, आज नको,' ती मनातल्या मनात म्हणाली.

"पाचवं मी सांगत न्हाई," प्रसेनजीत म्हणाला. हात जोडलेलेच होते. "दुसऱ्या कुणीतरी सांगा."

मग पुढच्या रांगेतून आप्पांचा म्हातारा, चिरका आवाज उठला. त्यांनी पाचवं शील स्वतः सांगितलं, शब्द न् शब्द, आणि लोकांनी ते गोंधळल्या तोंडानं म्हटलं. मुलीचं नाव निशिगंधा ठेवलं. टाळ्या वाजल्या. पुरी, भाजी, मसालेभात, खीर, सगळं व्यवस्थित झालं. पण खीर वाढायला वाकलेल्या संघप्रियाला ताटावरून वर उठणारे डोळे दिसत होते. तोंडावर कुणी काही विचारलं नाही. कोल्हापूरचं माणूस तोंडावर विचारत नाही म्हणजे समजायचं, बाहेर गेल्यावर भरपूर विचारणार आहे.

*

पाहुणे पांगले. धाकटा दीर, म्हणजे प्रीतीचा नवरा, मांडववाल्याशी आणि भांडीवाल्याशी बोलायला खाली राहिला आणि बाकीचे वरच्या खोलीत जमले. आप्पा कॉटवर, बनाक्का भिंतीला टेकून, प्रीती पोरीला मांडीवर घेऊन. संघप्रियाचा नवरा संघर्ष दाराशी उभा. चळवळीच्या ऐन भरात जन्मला म्हणून आप्पांनी हौसेनं संघर्ष नाव ठेवलं. त्या नावाच्या माणसानं आजवर भाजीवालीशीसुद्धा घासाघीस केली नव्हती. शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीसमोर उभा राहायचा, घरी येऊन जो शेवटचा बोलेल त्याला हो म्हणायचा. आणि मधोमध जमिनीवर प्रसेनजीत.

"काय खातोस?" आप्पांनी विचारलं.

"गोळ्या."

"कसल्या?"

"झोपंच्या. परीक्षेच्या आधी झोप यीत न्हवती. मित्रानं एक दिली. मग..." त्यानं खांदे उडवले. "मग दिवसा बी लागाय लागल्या."

"कवापासनं?"

"दिवाळीपासनं."

आप्पांच्या गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या. गणपतीआप्पा म्हणजे वीज मंडळातले निवृत्त लाइनमन. पण वस्तीत त्यांची ओळख खांबावर चढणारा माणूस म्हणून नव्हती. तरुणपणी चार पोरं हाताशी धरून त्यांनी वस्तीतल्या हातभट्टीची मडकी रस्त्यावर आणून फोडली होती, एकदा नव्हे, भट्टी परत लागली की परत. त्यांच्या दारावरून जाताना पिलेला माणूस अजूनही चप्पल हातात घेऊन जायचा, वाजू नये म्हणून. तीन पिढ्या या घरात थेंब आला नाही, हे आप्पा पाहुण्याला चहाच्या आधी सांगत.

"दिवाळीपासनं," आप्पा म्हणाले. "आणि जयंतीला पाचवं शील सांगितलंस. तुझ्या आज्जीच्या पुण्यानुमोदनाला सांगितलंस. तोंड वर करून सांगितलंस व्हय रं?"

"सांगितलं," पोरगा म्हणाला.

"आणि माझ्याच पोरीच्या दिवशी थांबायचं सुचलं तुला?" प्रीतीचा आवाज फाटला. "चार माणसांत! उद्या लोक काय म्हणतील, निशिगंधा कुणाची, तर त्या ह्याच्या घरातली."

"तुला म्हाईत होतं?" बनाक्कांनी संघप्रियाकडे तोफ वळवली.

"मंगळवारपासनं," संघप्रिया म्हणाली.

आणि हेच तिला खात होतं. ती एसटीत कंडक्टर. माणसानं गाडीच्या पायरीवर पाय ठेवला की ती सांगायची याच्या पोटात काय आहे, आणि चुकत नसे. किती पावण्यांना तिनं दंडाला धरून खाली उतरवलं होतं. पण तिची सगळी हुशारी वासावर आणि झोकांडीवर चालायची, आणि तिचा पोरगा ना वास मारत होता ना झोकांडत होता. झोपाळू झाला होता, विसराळू झाला होता, जेवणावरून उठून जात होता. वाढतं वय, ती म्हणायची. अभ्यासाचा ताण, संघर्ष म्हणायचा. ज्या घरात दारू नाही त्या घरात नशा कशी असेल? हा विचार घरातल्या कुणाच्या डोक्यात शिरायला फटच नव्हती. मंगळवारी तो जिन्यावरून गडगडला, खिशातून गोळ्यांच्या पट्ट्या पडल्या, तेव्हा कुठं तिला कळलं. त्या दिवशी ती न्हाणीघरात नळ सोडून रडली होती. पण रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि डॉक्टरची वेळ घेतली. रडण्यापेक्षा पुढच्या थांब्याचं बघायची सवय होती तिला.

"डॉक्टरकडं जाऊन आलोय आमी," ती आता म्हणाली. "सोमवारी भरती करायचं ठरलंय. सांगणारच होतो तुमाला, बारसं झाल्यावर."

"दवाखान्यात?" आप्पा म्हणाले. "येड्यांच्या?"

"व्यसनमुक्तीच्या, आप्पा."

"म्हंजे साऱ्या गावात दवंडी." आप्पा उठून बसले. "दवाखान्याचं काय काम न्हाई. ए प्रसेनजीत, हितं बस. हात जोड. पाचवं शील म्हण, माझ्यादेखत. एकदा मनापासनं म्हटलास की संपला विषय. ज्यानं शील घेतलं त्याला दवाखाना लागत न्हाई."

"आणि शील म्हणून झालं की माझ्यासंगं चंदगडला," बनाक्का म्हणाल्या. त्यांचं सगळं ठरलेलं होतं. "काजूच्या बागंत खोली हाय. आठ दिस कडी घालून ठेवतो. भाकरी दारातनं सरकवतो. उतरतंय का न्हाई बघूया. कुणाला कळायचं बी न्हाई."

"ते बरं पडंल," प्रीती पुटपुटली.

सगळ्यांनी संघर्षकडे बघितलं. शेवटी अक्का बोलल्या होत्या, म्हणजे तो मान डोलावणार. आणि त्यानं डोलावलीसुद्धा, अर्धी. मग बायकोच्या डोळ्याला डोळा भिडला आणि मान तिथंच अडकली.

संघप्रियाला राग असा आला की कानशिलं तापली. पण रागात बोललं की सासर-माहेर निघतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. भरल्या गाडीत बोलायचा आवाज तिनं लावला, ना चढा ना पडका.

"आक्का, एक सांगा. सकाळी मिसरीची डबी सापडली न्हाई तर तुमी काय करता?"

"आता मिसरीचं काय मधीच?"

"सांगा की. गेल्या वर्षी हितं आलावता, डबी तिकडंच राहिली. दुपारपर्यंत कुणाला बोलू दिलं न्हाईसा. डोस्कं धरून बसलावता. ह्याला कोपऱ्यावर पळवलावता तंबाखू आणाय."

बनाक्कांनी नकळत पदराच्या गाठीला हात लावला आणि काढून घेतला. प्रीतीला हसू आलं, ते तिनं पोरीच्या कुंचीत दाबलं.

"ती साधी मिसरी," संघप्रिया म्हणाली. "ह्या गोळ्या एकदम तोडल्या तर माणसाला झटके येतात. फिट. जीव जाऊ शकतो, आक्का. डॉक्टरनं मला समोर बसवून तीन वेळा सांगितलंय. हळूहळू उतरवाय लागतं, त्यांच्या नजरंखाली. तुमी कडी घालून भाकरी सरकवशीला, आणि ह्यो आत पडलेला आसंल. पावसाळ्यात तुमच्या बागंतनं दवाखाना गाठाय किती वेळ लागतो? मी गाडी नेतो त्या रस्त्यानं. झाड आडवं पडलं की दीड दीड तास उभा ऱ्हातो आमी."

चंदगडातून आजऱ्याला पोचणारा बनाक्कांचा आवाज आता कॉटपर्यंत जेमतेम पोचला.

"आगं बाई," त्या म्हणाल्या. "मला कुठं ठावं हुतं? मला वाटलं, दारूगत आसंल. उतरली की उतरली." त्यांनी पोराकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरले. "मी कडी घातली आस्ती रं. माझ्या हातानं घातली आस्ती."

"न्हाई न्हेत न्हवं? झालं तर मग," संघप्रिया म्हणाली.

"न्हाई न्हेत. माझ्याच्यानं न्हाई झेपायचं. आप्पा, दवाखान्यातच जाऊ द्या त्याला."

एक गडी तिकडून इकडं आला. पण आप्पा आप्पाच होते.

"दवाखान्यात जायाचं तर जाऊ दे," ते म्हणाले. "पर शील म्हणून जाऊ दे. शील न म्हणता ह्या घराचा उंबरा वलांडला तर माझं आणि त्याचं नातं न्हाई. म्हण."

प्रसेनजीतनं हात जोडले. ओठ हलले. बोटं थरथरत होती. दुपारची वेळ उलटून गेली की ती अशी थरथरायची. डॉक्टरांनी आणखीही एक सांगितलं होतं: ओढून आणू नका, आपल्या पायानं आला तर अर्धं काम तिथंच झालं. आणि इथं आजोबांनी नातं तोडायची भाषा केली होती. या पोराला आप्पांपेक्षा मोठं जगात कुणी नव्हतं. आत्ता त्यानं भीतीनं म्हटलं तर तो सोमवारी जाणार नाही. म्हणेल, म्हटलंय की मी, झालं की आता. आणि नाही म्हटलं तर रागानं कुठं जाईल ते त्यालाही सांगता यायचं नाही.

मग तिच्या ध्यानात आलं की इतक्या माणसांत इतक्या वेळात एक गोष्ट त्याला कुणी विचारलीच नाही.

"थांब," ती म्हणाली. "आधी मला सांग. दिवाळीपासनं सांगतच होतास की पाचवं. कुणाला कळलं न्हाई. मग आजच का थांबलास?"

पोरग्यानं जोडलेले हात खाली घेतले.

"चौथ्यामुळं," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"आज चौथं म्हटलं आणि सगळे माझ्या मागनं म्हटले. खोटं बोलणार न्हाई म्हणून. काकी पोरीला घेऊन म्हणत हुती. आप्पा म्हणत हुते. एवढे दिवस नुसतं पाठ म्हणत हुतो मम्मी, आज ऐकू आलं. लगेच पुढं पाचवं सांगायचं, आणि पोटात सकाळची गोळी..." त्यानं आप्पांकडे बघितलं. "आत्ता पण म्हणतो की मी आप्पांसाठी. पण सांच्याला गोळी घ्यायची हाय. मग ते खोटंच हुतंय."

प्रीतीनं पोरीला छातीशी घट्ट धरलं. "आरं, मग मला आधी सांगायचं न्हाई का," ती म्हणाली, आणि मघाचा राग तिच्या आवाजात शोधूनही सापडला नसता.

संघप्रिया आप्पांकडे वळली. या माणसासमोर ती लग्न होऊन आल्यापासून कधी मान वर करून बोलली नव्हती. भीतीनं नव्हे, आदरानं. आज मान वर केली ती त्याच आदरानं.

"ऐकलंसा, आप्पा? नऊ-दहा महिने ह्यानं आपल्याला फसवलं. मला फसवलं, जी अख्ख्या गाडीला वळखते. आणि आज कुणी विचारलं न्हाई, कुणी पकडलं न्हाई, तरी सगळ्या गणगोतात त्याला खोटं बोलवंना. चौथं शील आज ह्या घरात एकट्यानं पाळलंय, ते ह्यानं. आणि तुमी त्यालाच सांगालाय, ते मोड आणि पाचवं म्हण!"

"मी कुठं मोड म्हटलं?" आप्पा म्हणाले, पण आवाजातलं लोखंड गेलं होतं.

"आत्ता म्हणाय लावलं की मोडतंच की ते. त्याला बरा होऊ दे. बरा होताना रोज म्हणू दे. रोज घसरंल, रोज परत म्हणंल. एकदा म्हणून भागत आसतं तर तुमी ह्या वयात रोज सकाळी का म्हणता? तुमी तर एक थेंब न्हाई घेतला कधी."

आप्पा उत्तर द्यायच्या आत दाराकडून एक आवाज आला, जो कुणाच्या ओळखीचा नव्हता.

"आप्पा," संघर्ष म्हणाला. "सोमवारची रजा टाकलीया मी. मी घेऊन जाणार त्याला. नातं तोडायचं तर माझं पण तोडा." एवढं बोलून तो घामाघूम झाला. बनाक्का भावाकडे बघतच राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस शेवटचा बोलला होता.

"येशील न्हवं?" त्यानं पोराला विचारलं.

"येतो," प्रसेनजीत म्हणाला. "कुणी धराय नको. मी येतो."

आप्पा मात्र कॉटवरून उतरले, काठी घेतली आणि कुणाकडे न बघता गच्चीवर निघून गेले.

*

दिवेलागण झाली तरी ते खाली आले नव्हते. प्रीतीनं चहा वर पाठवला, तो तसाच परत आला. बनाक्का दोनदा जिन्यापर्यंत जाऊन मागं फिरल्या. प्रसेनजीत हॉलमध्ये भिंतीशी बसला होता, गुडघ्यात मान, आणि आता बोटंच नव्हे तर खांदेही हलत होते.

"मम्मी," तो म्हणाला, "दे की."

गोळ्या संघप्रियाच्या ताब्यात होत्या. तिची कंडक्टरची चामडी बॅग खुंटीला असायची आणि तिला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती; चिल्लरच्या कप्प्यात तिनं पट्टी ठेवली होती. डॉक्टरांनी लिहून दिलेली, पहिल्यापेक्षा कमी ताकदीची. सोमवारपर्यंत सकाळ-संध्याकाळ, घरच्यांनी आपल्या हातानं द्यायची आणि समोर गिळायला लावायची. तिनं एक गोळी फोडून तळव्यावर घेतली. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आपण आई आहोत की कोण. पाणी घेऊन ती वळली तर जिन्याच्या तोंडाशी आप्पा उभे होते.

ज्या माणसानं भट्टीची मडकी फोडली त्याच्या घरात, त्याच्या डोळ्यांदेखत, सून नातवाला गोळी देत होती.

"ही ती?" आप्पांनी विचारलं.

"व्हय आप्पा. सांगितली तेवढीच."

"दे हिकडं."

म्हातारा फेकून देईल, संघप्रियाला वाटलं. पण त्यांनी पुढं केलेला हात तसाच होता. तिनं गोळी त्यांच्या तळव्यावर ठेवली. आप्पांनी ती डोळ्यांजवळ नेऊन बघितली, एवढ्याशा वस्तूनं एवढं केलं यावर विश्वास बसत नसल्यासारखी. मग काठी भिंतीला टेकवली, दुसऱ्या हातानं पाण्याचा पेला घेतला आणि कण्हत कण्हत, गुडघे मोडत, नातवासमोर जमिनीवर बसले.

"घे," ते म्हणाले.

प्रसेनजीतनं मान वर केली. "आप्पा, तुमी नका..."

"घे म्हटलं न्हवं? डॉक्टरनं सांगितलीया तर घ्यायची. कमी न्हाई, जास्त न्हाई."

त्यानं गोळी घेतली. पाणी प्यायला. रडत होता, त्यामुळं अर्धं पाणी शर्टावर गेलं.

"तोंड उघड," आप्पा म्हणाले. "जीभ वर कर. काय गं संघप्रिया, आसंच बघायचं न्हवं?"

"आसंच," ती म्हणाली.

आप्पांनी वाकून नीट बघितलं, या गालात, त्या गालात. मग पेला खाली ठेवला, आणि ज्या हातानं गोळी दिली तोच हात पोराच्या डोक्यावर ठेवून बसून राहिले. तिथूनच त्यांनी सुनेला विचारलं,

"सकाळची कवा आसती?"

"न्याहारी झाली की."

"बरं," आप्पा म्हणाले. "ती बी मीच देतो."